जुन्या ॲम्ब्युलन्सचे कडी-कोयंडे

आमच्या अंधेरीच्या मोहल्ल्यात, मिठी नदीपासून फार लांब नाही अशा जागी, एक धर्मादाय दवाखाना आहे. त्याच्या मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली कित्येक वर्षं एक मॅटाडोर उभी होती. १९७४ साली लोकवर्गणीतून घेतलेली. वीसेक वर्षं तिनं ॲम्ब्युलन्स म्हणून काम केलं. मग नवी गाडी आली आणि हिची मय्यतगाडी झाली, म्हणजे शववाहिनी. २६ जुलै २००५ च्या पुरात ती खिडक्यांपर्यंत बुडाली आणि त्यानंतर जागची हलली नाही. मुलं तिच्यात लपाछपी खेळायची, पावसाळ्यात मांजरं तिच्यात व्यायची.

गाडीला पन्नास वर्षं झाली तेव्हा विश्वस्तांनी ठरवलं, की ती भंगारात न देता नीट करायची आणि दवाखान्याच्या दर्शनी पडवीत ठेवायची. कामावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं होतं. मी कविता लिहितो, त्यामुळे मला भरपूर वेळ असतो, असा लोकांचा समज आहे. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. बी. ए.ला माझा विषय मराठी. पान्याचा आणि माझा संबंध सायकलपुरता. आज जे सांगणार आहे ते मी त्या वर्षभरात कुर्ल्याच्या एका वयस्कर मिस्त्रींकडून शिकलो. मी त्यांना चाचा म्हणतो, ते मला शायरसाहेब म्हणतात. दोघांच्याही हाकेत थोडी चेष्टा असते.

जुनी गाडी नीट करायची म्हटलं की आपल्याला इंजिनाची काळजी वाटते. चाचांनी पहिल्याच दिवशी ती उडवून लावली. ‘इंजिनाचा कुणीतरी बाप असतो,’ ते म्हणाले, ‘कंपनीनं त्याला नंबर दिलेला असतो. आतल्या कड्या-कोयंड्यांचा बाप शोधणं कठीण.’ त्यांचं म्हणणं समजायला या गाडीचा थोडा इतिहास सांगायला हवा.

मॅटाडोर हा शब्द आपल्याकडे आता सामान्यनाम झाला आहे. कोणत्याही चौकोनी गाडीला आपण मॅटाडोर म्हणतो. पण मूळ नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीच्या गाडीचं. ‘टेम्पो’ हा आपला घरगुती शब्दही तिथलाच. एन. के. फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी काढली आणि तिच्या तीनचाकी गाड्या सुरुवातीला आपल्या उपनगरातच, गोरेगावात तयार होत. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला आणि तिथून चारचाकी मॅटाडोर बाहेर पडू लागली. २००५ साली या कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. मॅटाडोरची ताकद पुढच्या चाकांना मिळत असे. त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा खालून नेण्याची गरज नव्हती आणि गाडीचा तळ जमिनीजवळ राही. रुग्णाला उचलणाऱ्याच्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट. स्ट्रेचर किती उंच उचलावं लागतं यावर उचलणाऱ्याची कंबर आणि झोपलेल्याचे हाल, दोन्ही अवलंबून असतात.

पण कंपनी देई ती रिकामी गाडी. आतलं बाक, स्ट्रेचरचे रूळ, सलाईनचा आकडा, औषधांची पेटी, धरायची दांडी, ड्रायव्हरमागची सरकती काच, हे सगळं बाहेरचा बॉडी-बिल्डर करून देई. त्याच्याकडे आराखडा नसे. सुतार, लोहार आणि पत्रेवाला मिळून गाडीतच माप घेत आणि बाजारात मिळेल ती मूठ, मिळेल ती बिजागरी बसवत. म्हणून एकाच वर्षाच्या दोन ॲम्ब्युलन्स आतून सारख्या निघतील याची खात्री नसते. कंपनीचं भागांचं पुस्तक मिळालं तरी त्यात या वस्तू नसतात.

मग ‘योग्य’ मूठ कोणती हे ठरवायचं कसं? चाचांचा पहिला नियम असा, की बाजारात जाण्याआधी गाडीत जा. आणि गाडीत गेल्यावर हात लावण्याआधी बघा. आम्ही दोन दिवस नुसते फोटो काढले. प्रत्येक भोकाचा, प्रत्येक डागाचा. एखादी वस्तू निघून गेली तरी तिची सावली रंगावर राहते. तिच्याखाली जुना रंग ताजा असतो आणि भोवतीचा पिवळा पडलेला असतो. उजव्या भिंतीवर असा एक अर्धगोल सापडला, त्याच्या दोन बाजूंना दोन-दोन भोकं. ती बाटली ठेवायच्या कड्याची जागा होती. कडं कधीच गेलं होतं, पण त्याची रुंदी आणि स्क्रूंमधलं अंतर भिंतीनं जपून ठेवलं होतं.

मग शोध घेतला गाडीच्या पोटात. दरवाज्याच्या दोन पत्र्यांमधली पोकळी, बाकाखालची पेटी, तळाच्या प्लायवुडखालचा खड्डा. पुराचा गाळ सुकून विटेसारखा झाला होता. तो फेकून न देता चाळणीनं चाळला. त्यातून तीन पितळी स्क्रू, सरकत्या काचेची एक मूठ, छतातल्या दिव्याची कडी आणि एक मोडकी खिट्टी निघाली. बाजारात महिनाभर फिरून जे मिळालं नसतं ते पायाखालीच होतं. एक सावधगिरी मात्र सांगतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासून धूळ उडवू नये. ओलं करून घासावा आणि बारीक धूळ अडवणारा योग्य मास्क लावावा.

यानंतर चाचांनी मला स्क्रू आणि बोल्ट वाचायला शिकवलं. मी आयुष्यभर शब्द वाचत आलो, पण आटेही वाचता येतात हे मला ठाऊक नव्हतं. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचं प्रमाण ठरवलं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकी आटे ६० अंशांचे आणि मेट्रिकही ६० अंशांचे, पण मेट्रिकची मापं मिलिमीटरमधली. आपल्याकडे इंग्रजांमुळे व्हिटवर्थ रुजला. १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली खरी, पण हार्डवेअरच्या दुकानात ‘सूत’ काही गेलं नाही. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ‘दोन सुती बोल्ट द्या’ म्हटलं की दुकानदार पाव इंचाचा बोल्ट काढतो. आजही काढतो.

आता पाहा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. मेट्रिकमधला सगळ्यांत जवळचा बोल्ट ६ मिलिमीटरचा. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखे वाटतात. पण दोन सुतीला इंचाला २० आटे आणि सहा मिलिमीटरच्या बोल्टला एका मिलिमीटरला एक, म्हणजे इंचाला पंचवीसच्या वर. चुकीचा बोल्ट एक-दोन फेरे आत जातो, मग अडतो. आपल्याला वाटतं गंज आहे. आपण जोर लावतो आणि पन्नास वर्षं टिकलेले आटे एका मिनिटात बुजवून टाकतो. व्हिटवर्थ आणि अमेरिकी यांचा घोटाळा याहून फसवा. पाव इंचाला दोघांचेही वीसच आटे. पण अर्ध्या इंचावर आलं की व्हिटवर्थचे इंचाला बारा आणि अमेरिकीचे तेरा. हे ओळखायला दाते असलेल्या पट्ट्यांचं एक छोटं माप मिळतं, आट्यांचा गेज. नागदेवी स्ट्रीटवर ते सहज मिळतं. जुन्या गाडीला हात लावणाऱ्यानं पहिली खरेदी त्याची करावी.

आमच्या गाडीत या गेजनं एक कहाणी उलगडली. कंपनीनं बसवलेले दरवाज्याचे, सीटचे बोल्ट सगळे मेट्रिक. मूळ जर्मन घराण्याला शोभतील असे. बॉडी-बिल्डरनं आत जे बसवलं ते सुतीचं, आणि लाकडात गेलेले स्क्रू पितळी, एका सरळ खाचेचे. तिसरा थर चौफुलीच्या खाचेच्या स्टीलच्या स्क्रूंचा. अधिकची खूण असलेला हा फिलिप्स स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकातला, पण आमच्या गाडीत तो फक्त नंतरच्या दुरुस्त्यांत होता. म्हणजे कोणती वस्तू पहिली, कोणती नंतरची, हे स्क्रूच सांगत होते. बाकाच्या पाठीमागची चकचकीत दांडी सगळ्यांना मूळची वाटत होती. तिचे चारही स्क्रू चौफुलीचे निघाले. ती काढल्यावर खाली सरळ खाचेच्या स्क्रूंची बुजवलेली भोकं दिसली, दोन इंच खाली. मूळ दांडी तिथं होती. बसलेल्या माणसाच्या हाताला ती जागा बरोबर येते.

धातूही वाचता येतो. पांढऱ्या मुलाम्यात दोन जाती. निकेलची झाक किंचित पिवळसर, उबदार. क्रोमची निळसर, थंड. गाड्यांवर क्रोम १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून आलं, त्याआधी निकेल. १९७४ च्या आमच्या गाडीत क्रोम असणं बरोबर, पण एखादी विसाव्या दशकातली मोटार नीट करणाऱ्यानं तिच्या मुठींना झगझगीत क्रोम चढवलं तर जाणत्याला ते लगेच खटकतं. शिवाय मुंबईची हवा. खारट, दमट. ॲल्युमिनियमच्या पट्टीला लोखंडी किंवा पितळी स्क्रू लावला की दोन धातूंच्या मध्ये ओल धरते आणि ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडू लागतं. अशा ठिकाणी दोन्हींच्या मध्ये फायबरचा पातळ वॉशर घालावा. तो बाहेरून दिसत नाही आणि गाडी वाचवतो.

बाकावरचं कापड आपण रेक्झिन म्हणतो. हे मुळात इंग्लंडमधल्या एका कापडाचं व्यापारी नाव, आपण ते सगळ्यांना देऊन टाकलं. आमच्या बाकाच्या कोपऱ्यात एका खिळ्याखाली बोटभर जुना तुकडा राहिला होता. गडद हिरवा, बारीक दाण्याचा. आत फोम नव्हता, काथ्या होता. तो तुकडा खिशात घेऊन मी महिनाभर फिरलो. रंग तोंडानं सांगू नये, तुकडा दाखवावा. ‘हिरवा’ म्हटल्यावर दुकानदारानं जे काढलं ते पाहून मला मिरवणूक आठवली.

आता बाजारांविषयी. मुंबईत जुनी वस्तू कुठे शोधावी, याचं प्रत्येकाचं पहिलं उत्तर असतं चोरबाजार. मटण स्ट्रीटवर पितळी मुठी, दिवे, कड्या मिळतात हे खरं. शुक्रवारी दुकानं बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावरच जुम्याचा बाजार भरतो. नशीब असेल तर त्याच दिवशी. पण तिथली वस्तू शोभेच्या भावानं विकली जाते आणि तिचा जन्म कुठला हे कुणी सांगत नाही. गाडीसाठी कुर्ला बरं. सीएसटी रोडला कलिना-कुर्ल्याच्या पट्ट्यात जुन्या सुट्या भागांची दुकानं आहेत. कुर्ल्याला हे कसब आलं ते उगीच नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथंच होता. फियाट आणि पुढची पद्मिनी तिथं तयार झाली. कारखान्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटी उभी आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. पण फियाटचे सुटे भाग अजून गाळ्यांमधून निघतात. आमच्या छतातला दिवा कुठल्याच मॅटाडोरवाल्याला ओळखता येईना. एका फियाटवाल्यानं दुरूनच पाहून सांगितलं, ‘हा आमचा.’ १९७४ च्या बॉडी-बिल्डरनं शेजारच्या बाजारातून फियाटचा दिवा उचलून लावला होता. त्यामुळे आमच्या मॅटाडोरसाठी फियाटचा दिवा हाच योग्य दिवा.

जोगेश्वरीजवळ ओशिवऱ्याला जुन्या फर्निचरचा बाजार आहे. सागवानी कपाटांच्या बिजागऱ्या, सरळ खाचेचे पितळी स्क्रू तिथं सापडतात. रे रोडच्या दारूखान्यात मोडलेल्या जहाजांचं सामान येतं. तिथले आकडे आणि दांड्या मजबूत, पण जहाजाच्या मापाच्या. गाडीत त्या पाहुण्यासारख्या दिसतात. घ्यायच्या वस्तूचं वजन हातात घेऊन बघावं, ही चाचांची शिकवण. खरी ओतीव मूठ जड लागते, पत्र्याची दाबून केलेली मूठ पोकळ वाजते.

सगळ्यांत अवघड निघाली स्ट्रेचरची खिट्टी. तळावर दोन लांब रूळ होते, त्यांत स्ट्रेचरचे पाय सरकत आत जातात. टोकाला दोन्ही बाजूंना स्प्रिंगची खिट्टी असते. ती पडली की गाडी कितीही जोरात थांबली तरी स्ट्रेचर मागे-पुढे होत नाही. रुळांमधलं अंतर मोजून चाचांनी सांगितलं की इथं फर्ली जातीचं स्ट्रेचर होतं. सर जॉन फर्ली हे सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या संस्थापकांपैकी एक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं त्यांच्या नावाचं हे स्ट्रेचर विसाव्या शतकातही जगभर वापरात राहिलं. दोन लाकडी दांडे, मध्ये कॅनव्हास, घडी होणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या, खाली चार लोखंडी पाय आणि मुठींसकट पावणेआठ फूट लांबी. म्हणजे स्ट्रेचर हरवलं तरी रूळ त्याचं माप सांगत होते.

उजवी खिट्टी शाबूत होती. डावीच्या जागी कुणीतरी सळई वाकवून लावली होती. मी म्हटलं, सोपं आहे, उजवीचा साचा घेऊन डावी ओतून घेऊ. चाचा त्या आठवड्यात गावी गेले होते. मी शहाणपणा केला आणि साकीनाक्याच्या एका गाळ्यात पितळेची खिट्टी ओतून आणली. चाचा परत आल्यावर त्यांनी ती हातात घेतली आणि काही बोलले नाहीत. दोन चुका होत्या. एक तर ती पुन्हा उजवीच होती. उजव्या हाताचा साचा घेतला तर उजवा हातच निघणार, डावा नाही, हे पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला कळायला हवं होतं. दुसरं, ती लहान होती. पितळ थंड होताना साधारण शेकडा दीड आकसतं. सहा इंचांच्या वस्तूत दोन मिलिमीटरहून जास्त फरक. तेवढ्यानं स्क्रूची भोकं सरकली. शेवटी एका साचेवाल्या सुतारानं उजवीच्या मापावरून तिचं आरशातलं रूप सागवानात कोरलं, आकसण्याची जागा धरून थोडं मोठं, आणि त्यावरून डावी ओतली. ती पहिल्या ठोक्यात बसली. माझी चुकीची खिट्टी माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे.

याच सुमारास एका हितचिंतकानं सुचवलं, की मय्यतगाडीचं सामान अमेरिकेतून मागवा, तिथं ते अस्सल मिळतं. हे खरं आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकापर्यंत अनेक गावांत ॲम्ब्युलन्स चालवण्याचं काम अंत्यविधी करणारे व्यावसायिकच करत. त्यांच्याकडे एकच गाडी दोन्ही कामांची. मिलर-मीटिअरसारखे बॉडी-बिल्डर कॅडिलॅकच्या सांगाड्यावर अशा गाड्या बांधत. ‘घोस्टबस्टर्स’ या १९८४ च्या चित्रपटातली गाडी ती, १९५९ सालची. अशा गाडीच्या तळात शवपेटी सहज सरकावी म्हणून रोलर असत आणि ती हलू नये म्हणून रबरी टोकाच्या खुंट्या भोकांत बसवत. गाडी ॲम्ब्युलन्स करायची तेव्हा रोलरचा भाग उलटा करायचा, वर सपाट तळ. या गाड्या नीट करणारे हौशी लोक त्या खुंट्यांसाठी वर्षानुवर्षं शोध घेतात, कारण त्या सुट्या असल्यामुळे सर्वांत आधी हरवतात.

पण आमच्या गाडीत शवपेटी कधी गेलीच नाही. आमच्यात कफनातली मय्यत जनाज्यावर ठेवून नेतात, दफन झालं की जनाजा रिकामा मशिदीत परत येतो. तो खांद्यांवर न्यायचा असतो. कबरस्तान लांब असेल तर तेवढ्यापुरती गाडी. हिंदू घरातली तिरडीही खांद्यावरचीच. तेव्हा आमच्या गाडीत स्ट्रेचरच्याच रुळांवर दोन लाकडी पट्ट्या टाकून जनाजा ठेवत आणि दोन्ही बाजूंनी माणसं बसून तो धरत. तिथं खुंटी नव्हती, माणसांचे हात होते. रोलर आणि खुंट्या कितीही अस्सल असल्या तरी या गाडीत त्या खोट्या ठरल्या असत्या. वस्तू कोणत्या कामासाठी होती हे आधी समजलं नाही, तर बाजारातली सर्वांत महाग वस्तू सर्वांत चुकीची निघते.

कायद्याचंही सांगायला हवं. केंद्र सरकारनं २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनं, खासगी वापराचं दुचाकी किंवा चारचाकी वाहन त्यात येतं. नोंदणीसाठी २० हजार रुपये, नूतनीकरणाला ५ हजार, आणि नंबरपाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी, की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर येते. संस्थेच्या नावावरची जुनी ॲम्ब्युलन्स यात बसते का, हे पैसे खर्च करण्याआधी आरटीओत विचारावं. आमची गाडी पडवीतच राहणार होती, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही. आणि जुनी गाडी नीट करून पुन्हा रुग्ण नेऊ, असा विचार कुणी करू नये. आता ॲम्ब्युलन्सच्या आतल्या रचनेला राष्ट्रीय मानकं आहेत. आपल्या राज्यात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, त्या गाड्यांत प्राणवायूपासून डॉक्टरपर्यंत सोय असते. आमच्या गाडीत एक बाक, एक आकडा आणि एक कंपाउंडर होता.

त्या आकड्याशी येऊन थांबतो. छताला सलाईनची बाटली अडकवायचा आकडा होता. गाडीत प्रत्यक्ष दिसत होता तो सळईचा, ओबडधोबड वेल्डिंग केलेला, रंगाचे ओघळ असलेला. त्याच्या शेजारी दोन सुतीची दोन रिकामी भोकं. म्हणजे मूळचा आकडा स्क्रूनं बसवलेला होता आणि तो तुटल्यावर ही सळई आली. हिशेब सरळ होता. विश्वस्त म्हणाले, सळई कापून काढा, मूळ नमुन्याचा आकडा बसवा. गाळातून मिळालेला अर्धा तुकडा तसाच आकडा करायला पुरेसा होता. चाचांनी ग्राइंडर हातात घेतला.

मी म्हटलं, जरा थांबा.

१९८८ च्या पावसाळ्यात एका रात्री माझ्या अम्मीला याच गाडीतून नेलं होतं. मी कॉलेजात होतो. निघताना कंपाउंडरनं सलाईन लावलं आणि मग लक्षात आलं की आकडा मोडला आहे. त्यांनी बाटली माझ्या हातात दिली आणि सांगितलं, हात खाली आणायचा नाही. एका हातानं दांडी धरून, दुसरा हात वर करून मी रुग्णालयापर्यंत उभा होतो. त्या रात्री रस्त्यावर पाणी होतं, वेळ लागला. अम्मी पहाटे गेली. आकड्यामुळे नव्हे, तिचा आजार मोठा होता. पण नंतर कित्येक महिने मला वाटायचं, की माझा हात कुठेतरी खाली आला असेल. ती सळई त्यानंतरच्या आठवड्यात ड्रायव्हरनं बसवून घेतली होती. त्यांनी मला ती दाखवली होती. म्हणाले होते, ‘आता कुणाच्या पोराला हात वर धरावा लागणार नाही.’

हे मी शेडमध्ये सांगितलं. कुणी काही बोललं नाही. चाचांनी ग्राइंडर खाली ठेवला आणि म्हणाले, ‘शायरसाहेब, हीपण अस्सल आहे. फक्त नंतरची.’

पुढे मला कळलं, की चाचांनी जे एका वाक्यात सांगितलं त्यावर जगातल्या जाणकारांनी बराच विचार केला आहे. ‘फिवा’ या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१२ साली ट्यूरिन सनद स्वीकारली. तिचा रोख असा, की गाडीच्या वापराच्या काळात झालेले बदलही तिच्या इतिहासाचे भाग असतात. ते पुसण्याआधी विचार करावा, जे नवं कराल ते ओळखू यावं आणि त्याची नोंद ठेवावी. आम्ही तसंच केलं. मूळ नमुन्याचा आकडा करून रिकाम्या भोकांत बसवला आणि सळई जागेवर ठेवली. नव्यानं केलेल्या प्रत्येक वस्तूच्या पाठीमागे साल ठोकलं, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणी ती उघडली तर त्याची फसवणूक होणार नाही. खिडक्यांना अर्ध्यापर्यंत दुधी काच लावली, पण ती आजच्या सुरक्षित जातीची. तिथं जुन्याचा हट्ट धरला नाही, कारण पडवीत मुलं खेळतात. काय मूळचं, काय बदललं, काय नवं केलं, याची एक वही गाडीच्या औषधपेटीत आहे.

तुमच्या गावात, संस्थेत, दवाखान्यात अशी एखादी गाडी उभी असेल. ती भंगारात देण्याआधी किंवा चकचकीत करण्याआधी दोन कामं करा. तिच्यातला एकही स्क्रू फेकू नका. आणि तिच्यातून कधीकाळी गेलेल्या, तिच्यात बसलेल्या, तिला चालवलेल्या माणसांना एकदा तिच्याजवळ आणा. आमच्या गाडीत जी माणसं झोपून गेली त्यांतली बरीच परत आली नाहीत. पण बाकावर बसलेले काही जण अजून आहेत. दांडी दोन इंच खाली होती हे आधी भोकांनी सांगितलं. मग शेजारच्या गल्लीतल्या एका खालांना बाकावर बसवलं. डोळे मिटून त्यांनी हात पुढे केला, तो बरोबर त्याच जागी गेला.